एक तारखेचा आंतोन

नोव्हेंबरच्या एक तारखेला मी नव्या तांदळाची खीर करते. आता नवा तांदूळ म्हणजे वाण्याकडून आणलेलाच, पण करते. घरातले सगळे वाट्या चाटूनपुसून खातात आणि मी मात्र दोन चमचे घेऊन वाटी बाजूला सारते. सून एकदा म्हणाली, "आई, तुम्हाला आवडत नाही तर एवढा नारळ खवत बसता कशाला?" मी तिला काहीतरी उत्तर दिलं, बहुतेक सणाचं गोड म्हणून. पूर्ण उत्तर द्यायचं तर त्या वर्षाचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढं धाडस मला इतक्या वर्षांत झालेलं नाही. ज्या माणसामुळे ते कुणाला सांगायचं नव्हतं, ते माणूस आता राहिलेलं नाही. म्हणून इथे लिहिते.

अंधेरीच्या पूर्वेला, विमानतळाच्या मागच्या बाजूला आमचं गावठाण होतं. अजून आहे, पण इमारतींच्या मधून शोधून काढावं लागतं. आमची नि रेजीमावशीची घरं एकाच भिंतीला टेकलेली. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागायचा, आणि आमच्याकडे भांडण झालं की तिचं मत भिंतीपलीकडून ऐकू यायचं. ती माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. उंच, हाडाची, बोलायला फटकळ, आणि हसायला लागली की पदराने तोंड झाकणारी. नवरा दुमिंग आखातात. दोन वर्षांनी एकदा यायचा, महिनाभर राहायचा, साबणाच्या वड्या आणि दुधाच्या पावडरीचे डबे ठेवून परत जायचा. मावशी घरी बसून शर्टांना काज करून द्यायची. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं उतरायची, इतकी खाली की पोट दिसे. विमान आलं की बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात थांबे, ते गेलं की तिथूनच पुढे सुरू करे. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना आमची ती सवय फार विचित्र वाटायची. देवळात मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना फादरसुद्धा थांबायचे.

लग्नानंतर अकरा वर्षांनी रेजीमावशीला मुलगा झाला. दिवस पूर्ण भरले नव्हते, त्यामुळे पोर मूठभर. पण होतं गोड. मावशी त्याला नुसतं 'बाबू' म्हणायची, कारण बाप्तिस्मा जूनमध्ये व्हायचा होता, दुमिंगकाका रजेवर आल्यावर. फादरनी तिला दोनदा सांगितलं, रेजिना, बाळ अशक्त आहे, उरकून घे. ती म्हणाली, "बापूस नाय नि बाप्तिस्मा कसला, फादर? त्याचं नाव त्याच्या बापसालाच ठेवू द्या." सगळ्या वाडीला बँड, फुगे आणि डुकराच्या मटणाच्या सारपोतेलचं जेवण द्यायचं तिने ठरवून ठेवलं होतं. फुगे म्हणजे ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. मुठीतून पीठ दाबून एकसारखा गोळा तेलात सोडणं हे कसब, आणि आमच्या गल्लीत ते मावशीसारखं कुणाला जमत नसे.

मी तेव्हा चौदा वर्षांची, आणि माझ्या हुशारीबद्दल माझं मत फार चांगलं होतं. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पहिली यायचे. सिस्टरनी विचारलं होतं, एखादं मूल मरणाच्या दारात आहे आणि फादर जवळ नाहीत, तर बाप्तिस्मा कोण देईल? सगळी पोरं एकमेकांकडे बघत बसली. मी उभी राहून सांगितलं: कुणीही. डोक्यावर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. मला बक्षीस म्हणून मरियामातेच्या आकाराची प्लास्टिकची बाटली मिळाली, तीर्थाने भरलेली. ती मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. रेजीमावशीलाही दाखवली, शब्दसुद्धा म्हणून दाखवले. ती आईला म्हणाली, "ही पोरगी सिस्टर होनार बघ."

मे महिना होता. गल्लीत मसाल्याचे दिवस, प्रत्येक अंगणात मिरच्या आणि धणे वाळत घातलेले, कुटणाऱ्या बायांच्या मुसळांचा ठेका सकाळपासून. बाबूला मिरचीचा ठसका लागेल म्हणून मावशीने त्या वर्षी मसाला केला नव्हता. बाबा गेल्यापासून आई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, मी एकटीच घरी. जेवून पडले होते तेवढ्यात भिंतीवर धपाधप थापा पडल्या. "एमी! ये गो, लवकर ये!" मी धावत गेले. बाबूचे ओठ निळे पडले होते आणि श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत जात होत्या. मावशीने त्याला माझ्या मांडीत ठेवलं. "मी रिक्षा आनते. तू त्याला पानी दे. शब्द येतात ना तुना? दे एमी, पानी दे त्याला!" आणि ती अनवाणी धावली, कारण गल्लीत रिक्षा येत नसे, ती मोठ्या रस्त्यावरून बोलवावी लागे.

पाण्याचा माठ स्वयंपाकघरात होता. आठ पावलं. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात पेला, हे आमच्या वाडीतल्या दहा वर्षांच्या पोरीलाही जमायचं, मलाही जमलं असतं. मी बसून राहिले. इतक्या वर्षांनी मी याचं एकच कारण देऊ शकते, आणि ते आहे तसं देते. आदल्या वर्षी आजोबा आजारी होते, तेव्हा फादर येऊन त्यांच्या कपाळाला तेल लावून गेले आणि तासाभरात आजोबा गेले. माझ्या डोक्यात ते तसंच बसलं होतं. तेल लावलं की माणूस जातो. पाणी दिलं की बाबू जाईल. मी उठून पेला भरला आणि ते शब्द उच्चारले तर तो मरणार हे मी मान्य केल्यासारखं होईल, असं मला वाटलं. त्याने माझं बोट मुठीत धरलं होतं. समोर मावशीचा आल्तार, म्हणजे घरातला देव्हारा, होता, त्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या संत आंतोनची मूर्ती. मी तिच्याकडे टक लावून बघत बसले आणि नुसती म्हणत राहिले, नको जाऊ, नको जाऊ. ही प्रार्थना होती की हट्ट, कुणास ठाऊक.

मावशी आली. आम्ही गल्लीच्या तोंडाशी धावलो आणि रिक्षात बसलो. बाळ आता तिच्या मांडीवर होतं. रिक्षा सुरू होताच तिने विचारलं, "पानी दिलंस?"

"दिलं," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले नाही. वर्गात सिस्टरनी विचारलं की हात वर जावा, तसं ते तोंडातून गेलं. मला सांगितलेलं काम मी केलं नाही, हे मला कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

"नाव काय ठेवलंस?"

"आंतोन."

मावशीने त्याच्या कपाळावर ओठ टेकले. "आंतोन," ती म्हणाली, "आंतोन, माज्या बाला." तेवढ्यात कोपऱ्यावर हातगाडी आडवी आली म्हणून रिक्षा थांबली. तिथे वाडीचा सार्वजनिक नळ होता. एका बाईची कळशी भरून वाहत होती आणि ती कुणाशी तरी बोलत उभी होती. पाणी माझ्यापासून हातभर. बाळाच्या नाकपुड्या हलत होत्या, मी पाहिल्या. नुसतं 'नाही दिलं' म्हटलं असतं तर मावशीने तिथल्या तिथे ओंजळ भरली असती. हातगाडी बाजूला झाली, रिक्षा निघाली. डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

माझं पहिलं पाप भीतीचं होतं, त्याबद्दल मी त्या चौदा वर्षांच्या पोरीला कधीकधी माफ करते. नळाजवळच्या त्या गप्प बसण्याबद्दल मात्र मला अजून माफ करता आलेलं नाही.

पुढे सगळं माझ्या हाताबाहेर गेलं. फादरनी मला ऑफिसात बोलावलं, कारण असा बाप्तिस्मा वहीत नोंदवावा लागतो. "पाणी डोक्यावर ओतलंस?" "हो फादर." "शब्द काय म्हणालीस?" मी शब्द म्हटले, एकही चूक नाही. ते म्हणाले, "शाबास, पोरी. आईबापांवर तू मोठे उपकार केलेस." आणि त्यांनी लिहून घेतलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगत की पूर्वी बिनबाप्तिस्म्याची बाळं स्मशानभूमीच्या कुंपणाकडच्या कोपऱ्यात पुरत, वर क्रूस नसे. आंतोनला मधल्या रांगेत जागा मिळाली, वर पांढरा लाकडी क्रूस. दुमिंगकाकांना कळवायचं पत्र मावशीने मला सांगून लिहवून घेतलं, कारण तिला अक्षर येत नव्हतं. निळ्या एअरोग्रामवर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'आपला आंतोन पाण्याविना गेला नाही. शेजारच्या एमीने त्याला पाणी दिले.' दुमिंगकाकांच्या आजोबांचं नाव आंतोन होतं. हे मला माहीत नव्हतं, मावशीलाही तेव्हा सुचलं नव्हतं. त्यांचं उत्तर आलं, की देवानेच पोरीच्या तोंडी ते नाव घातलं. ते पत्रही मीच मावशीला वाचून दाखवलं.

कुमसाराला, म्हणजे पाप सांगायला, दर महिन्याला जावं लागे. मी जाळीपलीकडे गुडघे टेकून सांगायचे, भावाशी भांडले, साखर चोरून खाल्ली, रोझरीच्या जपात डुलकी लागली. फादर माझा आवाज ओळखत होते. ते प्रायश्चित्त म्हणून तीन हेल मेरी सांगायचे आणि मी त्या म्हणून, मोठं पाप पोटात ठेवून, रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायचे. तसा तो घेणं हेही पापच. रांगेतून उठून बाहेर राहिले असते तर आईने विचारलं असतं का नाही घेतलास. त्या सहा महिन्यांत मी इतकी शहाण्यासारखी वागले की सगळे माझं कौतुक करायला लागले, आणि प्रत्येक कौतुकासरशी मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मग नोव्हेंबर आला. बाहेरच्या लोकांना आमच्या दोन तारखा एकच वाटतात, मेणबत्त्यांचा सण म्हणून. पण त्या दोन वेगळ्या. एक तारीख सर्व संतांची, दोन तारीख सर्व मृतांची. त्या वर्षी एक तारखेच्या मिस्सेला फादरनी ते फार सोपं करून सांगितलं. संत म्हणजे फक्त पुतळा असलेली माणसं नव्हेत, ते म्हणाले. पुतळा असलेले थोडे. जे कुणी स्वर्गात पोचले ते सगळे संत, त्यांची नावं आपल्याला ठाऊक असोत नसोत. तुमची कष्ट करून मेलेली आईही त्यात असेल. आणि ज्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्म्याचं पाणी मिळालं आणि पाप काय ते कळायच्या आत जी गेली, ती तर नक्कीच आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची गरज नाही, त्यांच्याकडे प्रार्थना मागायची. उद्या ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू ते अजून वाटेवर आहेत. आज ज्यांचा सण आहे ते घरी पोचलेत.

मी मावशीकडे बघितलं. मे महिन्यापासून तिचा चेहरा कोरडा पडला होता, तो उजळला. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर तिने आईचा हात धरला. "ऐकलंस? माज्या आंतोनचा आज सन हाय."

दुपारी तिने खीर केली. त्या वेळी गावठाणाच्या मागे थोडी शेतं उरली होती, तिथला नवा तांदूळ, नारळाचं दूध, गूळ, वेलची. नारळ मीच खवून दिले. पातेलं उतरलं तसा वास सगळ्या गल्लीत गेला आणि पोरं न बोलावता जमली. तिने आल्तारावर आंतोनचं झबलं इस्त्री करून ठेवलं होतं, शेजारी मेणबत्ती. पोरांना ओळीने बसवून वाढलं, आणि मला मात्र खुर्चीवर बसवलं. "ही माज्या संताची धर्ममाता," ती सगळ्यांना म्हणाली. "तिनं पानी दिलं म्हनून तो वर गेला. एमी, पैली वाटी तुजी." शेजारच्या बायाही आल्या. एकीने झबल्याला हात लावून डोळे मिटले, मुलाच्या नोकरीसाठी मागितलं. दुसरीने गुडघेदुखीसाठी. रेजीमावशी हसत होती, पदर तोंडाला न लावता. मी खीर खाल्ली. सगळी वाटी खाल्ली, कारण ती समोर उभी राहून बघत होती.

घरी आल्यावर मात्र माझ्या डोक्यात एक विचार शिरला आणि तो काही केल्या निघेना. फादरनी सांगितलं ते खरं असेल तर आंतोन घरी पोचलेला नाही. तो वाटेत कुठेतरी आहे, आणि तिथून पुढे जायला त्याला प्रार्थना लागते. आणि साऱ्या अंधेरीत त्याच्यासाठी प्रार्थना करणारं कुणी नाही, कारण सगळे त्याला संत समजून उलट त्याच्याकडेच मागतायत. त्या एवढ्याशा पोराकडे, नोकऱ्या आणि गुडघे. आणि हे माझ्यामुळे. आज हे सांगताना हसू येतं खरं, पण त्या संध्याकाळी मी मोरीत जाऊन खीर ओकले.

दोन तारखेसाठी प्रत्येक घर आपल्या मृतांची यादी लिहून देई. ती पाकिटात घालून देवळातल्या पेटीत टाकायची, पेटी महिनाभर वेदीजवळ राहायची, आणि सगळ्यांसाठी मिळून मिस्सा होई. यादी कधी कुणी उघडत नसे. आमच्या घरची यादी मी लिहायचे. आईने नावं सांगितली, आजोबा, आजी, बाबा, आईचा भाऊ. मी लिहिली. आई चहा टाकायला उठली तेव्हा मी खाली आणखी एक ओळ घातली. नुसतं आंतोन लिहिलं तर पॅरिशमधल्या दहा आंतोनांपैकी भलत्यालाच पोचायचं, म्हणून नीट लिहिलं, 'आंतोन, दुमिंग आणि रेजिनाचा मुलगा.' आणि पाकीट चिकटवलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यासाठी मी काहीतरी केलं, असं मला वाटलं.

दोन तारखेला संध्याकाळी स्मशानभूमीत मिस्सा असते. सगळ्या कबरी धुतलेल्या, झेंडूच्या माळा, उन्हं उतरायच्या आत पेटवलेल्या मेणबत्त्या, उदाचा वास. रेजीमावशी आमच्याबरोबर आली होती, पण पाहुणी आल्यासारखी. तिच्या आंतोनचा दिवस काल झाला होता, आज ती दुसऱ्यांच्या दुःखात सामील व्हायला आली होती. फादर वेदीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, या वर्षीपासून आपण यादीतली नावं मोठ्याने वाचणार आहोत, आपल्या माणसांना आपण नावानं हाक मारावी म्हणून.

मला पळून जावंसं वाटलं. आमचं पाकीट अर्ध्यावर आलं. आजोबा, आजी, बाबा, मामा. मग फादर किंचित अडखळले आणि त्यांनी वाचलं, "आंतोन, दुमिंग आणि रेजिनाचा मुलगा." आईने माझ्याकडे बघितलं. मावशीने आईकडे, मग माझ्याकडे.

मिस्सा संपली. लोक आपापल्या कबरींकडे पांगले तशी मावशी मला दंडाला धरून आंतोनच्या क्रूसाजवळ घेऊन गेली. आई मागून येत होती, तिला तिने हातानेच थांबवलं. "तू लिवलंस?" मी मान हलवली. ती रागावली नव्हती. तिला वाटलं होतं मी गोंधळले. "अगो वेडे, फादर काल काय बोलले? तो संत हाय. त्याचं नाव आज नाय घालायचं. तू पानी दिलंस ना त्याला?"

विमान आलं. आम्ही दोघी सवयीने थांबलो. ते आमच्या डोक्यावरून, मेणबत्त्यांच्या वरून, चाकं खाली सोडून गेलं. तेवढ्या वेळात मला पुन्हा एकदा 'दिलं' म्हणता आलं असतं. ती तेच ऐकायला थांबली होती.

"नाय दिलं, मावशी," मी म्हणाले. "मी घाबरले. पाणी दिलं की तो मरेल असं वाटलं."

तिने माझा दंड सोडला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी आणखी काही म्हणेन आणि ते आधीचं पुसलं जाईल. मग अगदी हळू म्हणाली, "मी रिक्षात इचारलं तुना."

"हो."

"तवा तो जिता होता."

"हो."

"नळ होता, गो," ती म्हणाली. "कोपऱ्यावर नळ होता."

ती ओरडली असती, मारलं असतं, तर बरं झालं असतं. ती क्रूसाजवळ खाली बसली आणि मेणबत्तीभोवतीची माती सारखी करत राहिली. मी रडत होते. आई जवळ यायला निघाली तशी मावशी उठली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "कुनाला सांगू नको. आयसला पन नको. त्याला हितनं हलवतील." मग आईला म्हणाली, पोरीने चुकून लिहिलं, तू तिला ओरडू नको.

तो सगळा महिना ती आमच्याशी भिंतीपलीकडून बोलली नाही. काज करायची, पाणी भरायची, मी समोरून आले की दुसऱ्या बाजूने जायची. आई विचारायची, काय झालं तुमचं? मी म्हणायचे, काही नाही. मी कुमसाराला गेले आणि या वेळी सगळं सांगितलं. जाळीपलीकडून फादर म्हणाले, देव पाण्याच्या थेंबाला बांधलेला नाही, पोरी. मला ते पटायला हवं होतं. पण देवापाशी माझी तक्रार नव्हती. मला भीती होती ती भिंतीपलीकडच्या बाईची. पुढे खूप वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, चर्चनेही सांगून टाकलं, की अशा बाळांना देवाच्या दयेवर निर्धास्त सोपवावं. ते वाचलं त्या दिवशी मी मावशीला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

नाताळच्या आदल्या आठवड्यात ती एकदा आमच्या दारात आली. मी एकटीच होते, तांदूळ निवडत. ती आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. "एक सांग," ती म्हणाली. "मी रिक्षा आनायला गेले तवा तू त्याला खाली ठेवलंस?"

"नाय."

"एकदा पन नाय?"

"नाय. त्याने माझं बोट धरलं होतं. तू येईपर्यंत सोडलं नाही."

तिने मान हलवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, फुग्यांचं पीठ आंबलंय का बघायला पोरीला पाठव म्हणून. मी गेले. ती बोलली नेहमीसारखी, टोमणे मारले, माझ्या वेणीला नावं ठेवली. पण मला धर्ममाता म्हणून तिने पुन्हा कधी कुणासमोर उभं केलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

पुढच्या वर्षी तिने एक तारखेला खीर केली आणि आल्तारावर मेणबत्ती लावली. दोन तारखेला ती स्मशानभूमीत गेली आणि आंतोनच्या क्रूसाजवळ दुसरी मेणबत्ती लावली. बाया म्हणाल्या, रेजी, संताला कशाला गो? ती म्हणाली, जास्त झालं तर कुनाला नको असतं? त्यानंतर दर वर्षी दोन. दुमिंगकाका कायमचे परत आले, तेही खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, त्यांना कारण माहीत नव्हतं. मी लग्न होऊन मुलुंडला गेले, तरी त्या दोन दिवशी माहेरी यायचे. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. कोपऱ्यावरचा नळ पालिकेने कधीतरी काढून टाकला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मी अजूनही त्या कोपऱ्यावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

शेवटच्या आजारात मावशी अंथरुणाला खिळली, तेव्हा मी आठ दिवस तिच्याकडे राहिले होते. एका सकाळी मी तिला चमच्याने पाणी पाजत होते. दोन चमचे घेतले आणि ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मला कळलं ती काय बघतेय, आणि चमचा पेल्यातच राहिला. तिने मनगट धरून माझा हात तोंडाशी आणला, तिसरा चमचा घेतला आणि म्हणाली, "मी वर गेले की त्याला शोधीन. आधी एक तारखेच्या मानसांत बघीन. तिथं नाय भेटला तर दोन तारखेच्या. तवर तू दोनीकडं मेनबत्ती लाव."

मी हो म्हणाले. या वेळी ते खरं करायचं होतं.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. एक तारखेला मी खीर करते, झबल्याजवळ मेणबत्ती लावते. झबलं तिने मलाच दिलं. दोन तारखेला अंधेरीला जाते, दुसरी लावते, आणि यादीत तिच्या नावाखाली लिहिते, आंतोन, दुमिंग आणि रेजिनाचा मुलगा. तिला तो कुठल्या माणसांत सापडला, हे कळवायला तिला अक्षर येत नव्हतं. तिची पत्रं मीच लिहायचे.